तोच विनोद मित्रांनी केला तर पेशंट हसला, मी केला तर तक्रार झाली

प्रश्न : मी लातूरकडची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून सात महिन्यांपूर्वी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलला मेल सर्जिकल वॉर्डात लागले. साखरेमुळं पायाचा अंगठा काढलेले एक पेशंट आहेत, वय ५२. तरुणपणी पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचे. परवा त्यांचे मित्र भेटायला आले आणि "आता पेनल्टी मारायची तुझी कटकट मिटली" म्हणाले, तेव्हा ते खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून मी तेच बोलले, तर एकदम गप्प झाले. संध्याकाळी त्यांच्या मिसेसनी इन्चार्ज सिस्टरांकडं तक्रार केली. सिनिअर म्हणतात, काम करायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पेशंटशी विनोद करूच नये का?

उत्तर :

माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. एकतीस वर्षं वॉर्डात काढली. आधी सर्जिकल, मग मेडिसिन, आणि शेवटची नऊ वर्षं डायलिसिस. तुझ्यासारखी चूक मीही केलेली आहे, त्यामुळं वरून उपदेश करतेय असं समजू नको.

तू विचारलंयस, विनोद करावा की करू नये. पण तुला खरा सलतोय तो प्रश्न वेगळा आहे. शब्द तेच होते, पेशंट तोच होता, मग एकदा हसू आणि एकदा तक्रार असं का झालं? ते कळलं की कधी बोलावं आणि कधी नाही याचं उत्तर तुझं तुलाच सापडेल.

आधी आमच्या कोल्हापूरबद्दल, कारण तू इथं नवी आहेस. इथं माया जितकी जास्त तितकी भाषा वाईट. आयसीयूतून वॉर्डात आणलेल्या माणसाला त्याचा जिवाभावाचा दोस्त दारातूनच ओरडतो, "अजून हाईस व्हय रं? आम्ही तर वर्गणी काढाय लागलोतो!" आणि कॉटवरचा माणूस डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतो. बाहेरून आलेल्या पोरींना वाटतं, इथं काहीही बोललेलं चालतं. (तुला आणखी एक गोष्ट विचित्र वाटली असेल, इथल्या बायका 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. मीही बोलताना तसंच बोलते, लिहायला बसले की शाळेतलं मराठी येतं.) पण काहीही चालत नाही. त्या दोस्ताचं चालतं ते नात्यामुळं. तुझ्या पेशंटचे मित्र त्याच्याबरोबर शाहू स्टेडियमच्या मातीत लोळलेले आहेत, एकमेकांची डोकी फुटली तेव्हा एकाच गाडीवर तिघं बसून दवाखान्यात गेलेले आहेत. त्यांनी पेनल्टी काढली तेव्हा त्याला ऐकू काय आलं? अंगठा गेला तरी तू आमच्यातलाच.

तेच वाक्य तू बोललीस तेव्हा तुझ्या अंगात युनिफॉर्म होता, हातात फोर्सेप होता आणि त्याचा पाय उघडा होता. सिस्टरचं बोलणं पेशंट गप्पा म्हणून ऐकतच नाही. तो ते रिपोर्टसारखं ऐकतो. राऊंडला डॉक्टरांनी केसपेपर वाचताना एक भुवई वर केली, तर पेशंट दिवसभर त्या भुवईचा अर्थ लावत पडून असतो. बीपी बघून तू "हं" म्हणालीस, तर तो 'हं' रात्री बायकोला सांगितला जातो. मग "पेनल्टीची कटकट मिटली" हे जखम बघणाऱ्या माणसाच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ एकच होतो : यांना माहीत आहे, माझा पाय आता तसा चालणार नाही.

आणि हे तो उगाच धरून बसलेला नाही, भीती खरी आहे. पाऊल पुढं टाकताना शेवटचा जोर अंगठ्यावर येतो. तो गेला की चालायची ढब बदलते, भार शेजारच्या बोटांवर आणि तळव्याच्या पुढच्या भागावर जातो, तिथं नवे घट्टे पडतात, आणि साखरेच्या बधिर पायाला ते कळत नाहीत. एकदा बोट काढलेल्या पायावर पुन्हा जखम व्हायचा धोका मोठा असतो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं किंवा शेजारच्या कॉटवर त्यानं बघितलेलं असतं. अशा पायाचं ड्रेसिंग करताना पुष्कळदा दुखत नाही, म्हणून आपल्याला वाटतं पेशंट निवांत आहे. पण वास येतो. पट्टीचा शेवटचा थर सुटताना तो छताकडं बघत श्वास रोखून धरतो आणि आज वास कालच्यापेक्षा कमी आहे का जास्त, हे बघत असतो. नेमक्या त्या क्षणी तू पेनल्टी काढलीस.

तेव्हा चूक विनोद केलास ही नव्हे. ज्याच्याबद्दल तो घाबरलेला आहे त्याच गोष्टीवर, तो सगळ्यात जास्त घाबरलेला असताना, आणि त्याची खबर जिच्याकडं आहे तिनं विनोद केला, ही.

आता सिनिअरांचा सल्ला. सातच महिने झालेल्या मुलीला मीसुद्धा कदाचित पहिल्या दिवशी तेच सांगितलं असतं, कारण गप्प बसून तक्रार येत नाही. पण गप्प सिस्टरचीही भीती वाटते गं. न बोलता औषध देऊन जाणाऱ्या सिस्टरला पेशंट काही विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणजे सांगतही नाही. तो न सांगितलेला भाग पुढं महागात पडतो.

डायलिसिसमधलं सांगते. तिथं पेशंट आठवड्यातनं दोनदा-तीनदा येतो, चार-चार तास मशीनला जोडलेला असतो, वर्षानुवर्षं. आल्या आल्या वजन करायचं, कारण लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच राहतं, आणि दोन पाळ्यांमध्ये वजन किती वाढलं त्यावरून किती पाणी काढायचं ते ठरतं. एक मामा होते, कागलकडचे, उसाचे शेतकरी. सोमवारी आले की वजन चार किलोनं वर. नवी सिस्टर विचारायची, "पाणी जास्त प्यालात का?" मामा म्हणायचे, "न्हाई. घोटभर." ते खोटंही नव्हतं, पाणी त्यांनी घोटभरच प्यालेलं असायचं. एका सोमवारी वजनकाट्यावर उभे असताना मी काट्याकडं न बघता नुसतं विचारलं, "मामा, तांबडा का पांढरा?" मामांनी चप्पल शोधायचं नाटक केलं, मग म्हणाले, "दोन्ही. पाव्हणं आल्तं न्हवं." मग सगळं बाहेर आलं. रविवारी जेवण झालं, वाटी नव्हे वाडगा, दोनदा. रस्सा हे पाणीच असतं आणि त्यातल्या मिठानं पुढं तहान लागते, हे त्यांना कुणी रश्श्याचं नाव घेऊन कधी सांगितलंच नव्हतं. 'पाणी कमी प्या' एवढंच सांगितलं होतं. त्या दिवसानंतर मामा स्वतःच येऊन सांगायचे, "शिस्टर, ह्या आठवड्याला पांढरा निस्ता हुंगला."

हसू किती मोठं आलं यावरून विनोद चांगला का वाईट ठरवू नको. माणूस भिडेनंसुद्धा हसतो, आणि सिस्टरसमोर तर हमखास हसतो, कारण पुढचं इंजेक्शन तिच्याच हातचं असतं. मी बघते ते असं : माझ्या बोलण्यानंतर पेशंट जास्त बोलायला लागला का गप्प झाला? मामा बोलायला लागले. तुझे पेशंट गप्प झाले.

हीच रश्श्याची गंमत मी दुसऱ्या एका पेशंटशी केली आणि फसले, तेही सांगते. तेव्हा त्यांच्या मिसेस जवळ उभ्या होत्या. मला वाटलं सगळे हसलो. पण त्या बाईंना आयतं शस्त्र मिळालं. घरी पाहुण्यांसमोर, सुनेसमोर, ताटावर बसल्यावर, "सिस्टर पण हसत होत्या तुमच्यावर" असं सुरू झालं. ते गृहस्थ दोन आठवडे माझ्याशी धड बोलले नाहीत. आपल्याकडं माणूस आजारी पडला की घरात त्याचा मान आधीच उतरलेला असतो. कमावता माणूस लेकाच्या पैशावर येतो, सासू सुनेच्या हातच्या पाण्यावर येते. नातेवाइकांसमोर पेशंटच्या खाण्यापिण्यावर, लठ्ठपणावर, विसरण्यावर काही बोलायचं नाही, एवढं मी तेव्हापासून पाळलं. एकट्यात चालणारी गोष्ट चौघांत चालेलच असं नाही.

पेशंट स्वतः विनोद करतो ती गोष्ट वेगळी. तिथं आपलं काम हसवायचं नाही, ऐकायचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तू ऐकलाच असशील. रस्ते बंद, गावं तुटलेली. डायलिसिसचे पेशंट घरी अडकून पडले होते. शिरोळकडचे एक आजोबा पाळी चुकवून कसेबसे पोचले. दोघांनी धरून आत आणलं. मी विचारलं, "आबा, कसं काय?" तर म्हणाले, "शिस्टर, पंचगंगंची… धोक्याची पातळी… त्रेचाळीस फूट न्हवं? माझी कवाच… गेली वर. काढलेलं पाणी… नदीत सोडू नगा म्हंजे झालं." आम्ही सगळे हसलो. त्या आठवड्यात कुणीच हसलं नव्हतं, त्यामुळं जास्तच हसलो. मग माझ्या लक्षात आलं की एवढं बोलायला आबांना चार वेळा श्वास घ्यावा लागला. बसले होते ते पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. आडवं व्हायला सांगितलं तर "नगं नगं, बसूनच बरं हाय" म्हणाले. छातीत पाणी चढलं होतं. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, त्यांना पहिल्या मशीनवर घेतलं. आबांनी लक्षण स्वतःच सांगितलं होतं, फक्त पंचगंगेचं नाव घेऊन.

म्हणून पेशंटनं स्वतःच्या आजारावर विनोद केला तर हस, पण कान उघडे ठेवून हस, आणि लगेच एक साधा प्रश्न विचार. "आता तिकीट निघालं बघा आमचं," असं म्हणाला तर, "असं का वाटतंय हो?" विचार. दहातले बरेच जण हात झटकून "उगं आपलं" म्हणतील. एखादा म्हणेल, पहाटेपासून डावा हात भरून आलाय. आणि शेतातलं औषध पिऊन आलेला पेशंट "यंदा कमी पडलं" असं म्हणाला, तर ते हसण्यावारी न्यायचं नाहीच नाही. त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगायचं, लिहून ठेवायचं, त्याला एकटं सोडायचं नाही.

इथवरचं थोडक्यात धरायचं तर : पेशंटच्या शरीरावर, आजारावर, पुढं काय होणार यावर आपण होऊन विनोद काढायचा नाही. त्यानं काढला तर त्याच्या मागून जायचं, आणि त्यानं नेलं तिथंच थांबायचं. बाकी जगात विषय उदंड आहेत. डास आहेत, कॉटचा करकर वाजणारा हँडल आहे, कँटीनचा चहा आहे, यष्टी आहे, ऊन आहे.

तुझ्या रोजच्या कामातलं एक उदाहरण. करवीर तालुक्यातल्या एका आजींची शीर सापडत नव्हती. पंच्याहत्तरीच्या, हात म्हणजे वाळलेली काडी. पहिल्यांदा सुई घातली ती चुकली. मी दुसरा हात चाचपायला लागले तशा आजी म्हणाल्या, "माझ्या शिरा म्हंजी आमच्या धाकटीगत. कामाच्या वक्ताला कुठं जात्यात ठावं न्हाई." धाकटी सून उशाशीच उभी! मी हसले असते तर आजींच्या बाजूनं झाले असते आणि सुनेच्या मनातनं उतरले असते. न हसावं तर आजींचा हिरमोड. मी म्हटलं, "आजी, शिरा चहाला तरी येतात का?" आजी म्हणाल्या, "चहाला येत्यात, पयल्या!" "मग त्यांना गरमच देऊया," असं म्हणून गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून हातावर ठेवली, हात कॉटच्या खाली लोंबता सोडला, पाच मिनिटं थांबले. मनगटाच्या वरच्या बाजूला एक शीर उठून आली. तोवर सूनही हसत होती आणि आजींचा दुसरा हात तिनंच धरला होता. विनोद आजींनी सुरू केला, मी तो सुनेवरून उचलून शिरांवर ठेवला, एवढंच.

त्याच प्रसंगात मी काय बोलले नाही, तेही बघ. "आज माझा हातच चालेना बघा" असं मी म्हटलं नाही. नवी असताना म्हणायचे. एका पेशंटनं ते ऐकून हात मागं घेतला आणि "दुसऱ्या शिस्टर न्हाईत काय?" विचारलं. त्याचं बरोबर होतं. स्वतःवर विनोद केला की कुणी दुखावत नाही असं सगळे सांगतात, आणि ते बहुतेक वेळा खरंही आहे. स्वतःच्या उंचीवर बोल, विसरभोळेपणावर बोल, लातूरहून येऊन इथल्या मिसळीनं तुझे डोळे कसे पाणावले त्यावर बोल. सुई धरलेल्या हातावर मात्र बोलू नको. आमच्या वॉर्डात नियम होता, दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा दुसरीला बोलवायचं. तो पाळला की विनोद करून वेळ मारून न्यायची पाळीच येत नाही.

उघड्या अंगाची कामं आली, म्हणजे कॅथेटर, एनिमा, बेडपॅन, स्पंजिंग, की मी विनोदाला पडद्याच्या बाहेर ठेवायचे. पडदा ओढायचा, काय करणार ते सांगायचं, हात चालवायचा, आणि बोलायचंच असेल तर पावसावर, पिकावर बोलायचं. पुरुष पेशंट अशा वेळी कधीकधी स्वतःच काहीतरी बोलतो. त्यातलं बरंचसं लाजेपोटी असतं. लाजेनं बोलणारा माणूस छताकडं नाहीतर भिंतीकडं बघून बोलतो. त्याला नुसतं "झालंच हं मामा" म्हणायचं, तो निवांत होतो. पण काही जण तुझ्याकडं बघत बोलतात, तू लाजतेस का ते बघत बोलतात. तिथं हसून सोडून द्यायचं नाही. आम्ही वर्षानुवर्षं हसून सोडलं, ती आमची चूक. आवाज न चढवता, "हे बोलणं मला चालणार नाही" एवढं म्हणायचं आणि काम पुरं करायचं. नंतर इन्चार्जना सांगायचं, रिपोर्ट बुकात लिहायचं आणि पुढच्या वेळी ब्रदरला पाठवायचं नाहीतर मावशींना बरोबर न्यायचं. "कोल्हापूरचे लोक असेच मोकळे असतात" असं कुणी समजावलं तर ऐकू नको. असं बोलणाऱ्याला तालमीतही कुणी उभं करत नाही.

काही पेशंटना विनोद पोचतच नाही, तेही धरून चाल. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या माणसाला सरळ बोलणं कळतं, पण उपहास आणि थट्टा कळायला अवघड जाते. झटक्यानंतरच काहींना कारण नसताना हसू किंवा रडू फुटतं आणि आवरत नाही. तो हसतोय म्हणजे त्याला मजा वाटतेय असं नसतं, आणि नातेवाइकांनाही हे सांगावं लागतं. कमी ऐकू येणाऱ्या आजीला तुझे शब्द पोचत नाहीत, दात तेवढे दिसतात. रात्रीचा भ्रम झालेल्या म्हाताऱ्याला कुणीही हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटतं. पोटाचं ऑपरेशन झालेल्याला हसवलंस तर टाक्यांवर ताण येऊन तो कळवळतो, त्याला आधी पोटावर उशी दाबून धरायला शिकव. आणि जोरात हसल्यावर लघवीचा थेंब सुटतो म्हणून तोंडाला पदर लावून हसू दाबणाऱ्या बायका फिमेल वॉर्डात डझनानं असतात. तिला "मोकळं हसा की" म्हणू नको. पडद्यामागं नेऊन विचार, त्यावर व्यायामही आहेत आणि उपचारही.

आता माझी चूक, सुरुवातीला म्हटलं होतं ती. विनोद पेशंटशी केलेला नव्हताच. सर्जिकलला होते, नाईट ड्युटी. एका गृहस्थांच्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, रिपोर्ट यायचा होता. रात्री अकराच्या सुमाराला कागदांचा गठ्ठा वर आला. आम्ही तिघी काउंटरवर तो लावत होतो. तेवढ्यात एकीनं हॉस्टेलच्या मेसमधल्या चपातीचं काहीतरी सांगितलं आणि आम्ही तोंड दाबून हसलो. समोरच्या कॉटवरून ते बघत होते. हातात कागद, खाली घातलेल्या माना, दाबलेलं हसू. सकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, रिपोर्ट वाईट आहे, सिस्टरांना कळलंय, त्या आपसात बोलत होत्या. रिपोर्ट त्या गठ्ठ्यात नव्हताच, दोन दिवसांनी आला आणि चांगला आला. पण त्या माणसानं दोन रात्री झोप घेतली नाही, आणि ती आमच्यामुळं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली परिचर्येवर लिहिलं त्यात रोग्याच्या खोलीत केलेल्या कुजबुजीवर ती चांगलीच चिडलेली दिसते, कारण रोग्याला ती आपल्याबद्दलच आहे असं वाटणारच. तिथंच तिनं 'काही होत नाही हो तुम्हाला' छापाचा पोकळ धीर देणाऱ्यांवर एक आख्खं प्रकरण खर्ची घातलंय. नर्सिंगला असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं, कळलं त्या चपातीनंतर. हसायचं तर पँट्रीत जाऊन दार लावून हसा. आणि हसा, खरंच. आठ तास त्या वॉर्डात काढायचे तर आपल्यालाही ते लागतं. फक्त ते पेशंटच्या नजरेच्या आणि कानाच्या टापूत नको.

एक शंका तुझ्या मनात येईल, हसण्यानं पेशंट बरा होतो म्हणतात, ते मग? रंकाळ्यावर सकाळी हात वर करून हसणारी मंडळी तू बघितली असशील. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत हास्यक्लब सुरू केला, तिथून हे पसरलं. तो व्यायाम आहे, मित्रमंडळ आहे, चांगलंच आहे. वॉर्डातला विनोद ही निराळी गोष्ट. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ३५ वृद्धाश्रमांत प्रशिक्षित विदूषक आणि कर्मचारी यांच्याकडून म्हाताऱ्यांसाठी विनोदाचा कार्यक्रम राबवून बघितला, २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. उदासी म्हणावी तशी कमी झाली नाही, पण चिडचिड आणि अस्वस्थपणा कमी झाला. माझाही अनुभव साधारण हाच. विनोदानं कुणाची साखर उतरलेली मी बघितली नाही. साखर तपासायला बोट पुढं करणारे मात्र वाढले.

किती बोलायचं हे जागेवरही ठरतं, त्याचा काही एकच नियम मला सांगता येणार नाही. डायलिसिसमध्ये मी जे बोलले ते कॅज्युअल्टीत बोलले नसते. तिथं माणसाला तुझं नावही माहीत नसतं. पहिल्या दिवशी मी फक्त अहो-जाहो आणि काम. नाव विचारायचं, गाव विचारायचं, मामा म्हणू का काका म्हणू ते विचारायचं. दोन-तीन दिवसांत तो स्वतः काहीतरी टाकून बघतो. तो टाकेपर्यंत थांबायचं.

आता त्या पेशंटचं काय करायचं. उद्या जा, पण ड्रेसिंगची ट्रॉली बरोबर नेऊ नको. ट्रॉली दिसली की माणूस आखडतो. स्टूल ओढून बस, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला ये, आणि सरळ म्हण, "काका, परवा ड्रेसिंगच्या वेळी मी पेनल्टीचं बोलले. ते मी बोलायला नको होतं." आणि थांब. 'गंमत केली हो', 'वाईट वाटून घेऊ नका', 'तुमचे मित्रसुद्धा तेच म्हणाले', यातलं काहीही त्याला जोडू नको. त्यांच्या मिसेसनाही वेगळं सांग, कारण तो माणूस तुझ्यासमोर गप्प झाला तरी रात्री त्यांच्याजवळ बोललेला असणार, आणि ते ऐकून घेणं त्यांच्या वाट्याला आलं.

काका बहुतेक म्हणतील, "सोडा ओ शिस्टर." तेवढ्यावर सुटले म्हणून उठू नको. विचार, "पायाबद्दल डॉक्टरांना काही विचारायचंय का? उद्या राऊंडला मी थांबते तुमच्याजवळ." मग कदाचित चपलेचं विचारतील. मऊ तळाची, एमसीआरची चप्पल मिळते, ती कुठल्या मापाची आणि कधीपासून घालायची हे डॉक्टरांकडून लिहून घे. तळवा रोज आरशात बघायचा, अनवाणी देवळातसुद्धा फिरायचं नाही, हे मिसेसना दाखवून दे. कदाचित मग थोड्या वेळानं खालच्या आवाजात विचारतील, "बाकीची बोटं राहतील न्हवं?" त्यावर 'काही होत नाही' म्हणू नको आणि अंदाजही सांगू नको. "हे आपण उद्या डॉक्टरांनाच विचारू" म्हण, आणि राऊंडच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाल की पेशंटला हे विचारायचंय पण धीर होत नाही.

फुटबॉलचा विषय त्यांनी काढला तर काढू दे. पाटाकडील आणि खंडोबा या दोन तालमींतला फरक तुला ठाऊक नसेल, तर नाही म्हणून सांग आणि विचार, तुम्ही कुणाकडून खेळायचा. फक्त त्या दिवशी हातात दुसरं काम ठेवू नको. कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासाच्या आत संपत नाही.